भट्टीच्या आधीचा सांधा

गारांना वेळकाळ कळत नाही. भर दुपारी, ऊन चांगले डोक्यावर असताना, आभाळाने घट्ट मिटलेली मूठ एकाएकी उघडावी तशा त्या बरसल्या. आणि लिलावघराच्या काचेच्या छपरावर असा काही कडकडाट उठला की खाली मांडलेल्या जुन्या सुरया आणि फुलदाण्या जागच्या जागी शहारल्या. तिथली पारखी टिचकी धावत पुढच्या दालनात आली, ती दार लावून घ्यायला. पण दार लागेना. दाराच्या नेमके मध्ये एक तरुण उभा होता. एका हातात काड्या मोडलेली छत्री, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली लाकडी पेटी, आणि केसांत… अजून न विरघळलेल्या गारा.

"आत या, नाहीतर बाहेर जा," ती म्हणाली. "असं मधल्या मध्ये उभं राहून आमची भांडी फोडू नका."

"फुटली तर मीच जोडून देईन," तो म्हणाला, आणि आत आला.

उत्तर आगाऊ होते. पण त्यामागचे हसू… ते आगाऊ नव्हते.

"छत्री तिथे ठेवा. त्या बरणीत."

दाराशेजारी कमरेएवढ्या उंचीची चिनी मातीची एक बरणी उभी होती. झिलई मधाच्या रंगाची. खांद्यावर मात्र एक वाकडीतिकडी, किंचित वर आलेली रेघ, आणि मानेला बांधलेला विटका लाल दोरा. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छत्र्या, लिलावघर चालवणाऱ्या मावशीची काठी, कुणाची कधीकाळी विसरलेली सोटी असा सगळा संसार त्या बरणीच्या पोटात वर्षानुवर्षे नांदत होता. तरुणाने छत्री आत सोडली. सोडताना त्याच्या बोटांची पाठ बरणीच्या खांद्याला घासली, आणि हात तिथेच थबकला. मग त्याने पेटी खाली ठेवली, डोळे मिटले, आणि त्या रेघेवरून बोटे अशी हळूहळू नेली, जणू अंधारात एखाद्याचा चेहरा ओळखू पाहत होता.

त्याचा श्वास थांबलेला टिचकीला दिसला. कुणाचा श्वास थांबलेला तिने याआधी इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"ही… ही कुणी सांधली?"

"लाल दोरा आहे, म्हणजे सांधलेली आहे. कुणी सांधली ते दोरा सांगत नाही."

"आणि तुम्ही हिच्यात छत्र्या ठेवता?"

"मग काय करावं? हार घालावा?"

"घालायला हवा," तो म्हणाला. त्यात थट्टेचा अंशही नव्हता.

लिलावघराचा एक रिवाज होता, मावशीच्या सासूबाईंनी घालून दिलेला. विक्रीला आलेली प्रत्येक वस्तू तीन कसोट्यांतून जाई: डोळा, नख आणि दिवा. डोळ्याने रंगातले उणे-अधिक पाहायचे. नखाने टिचकी मारून नाद ऐकायचा. अखंड भांडे गाते, तडकलेले बद्द वाजते. आणि शेवटी अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावून वस्तू त्याच्या उजेडात धरायची, म्हणजे गोंद, भेगा बुजवायची लांबी, रंगाचा नवा हात असे सारे लपलेले चोर पांढरट चमकत उघड्यावर येत. अखंड वस्तूला पांढरा दोरा, सांधलेलीला लाल. दोऱ्याच्या रंगाबरोबर वस्तूचे निम्म्याहून अधिक मोल राही किंवा जाई. आणि एकदा लाल दोरा बांधला की ती वस्तू पुन्हा तपासायची नाही, हाही त्याच रिवाजाचा भाग होता. कारण सासूबाईंनी सांगितलेले पुन्हा तपासण्याची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

सासूबाई गेल्या, घर मावशीच्या हाती आले, आणि मावशीच्या तालमीत तिची भाची पारखी झाली. लहानपणी पाण्याचा पेला हाती दिला तरी ती आधी त्याला टिचकी मारून ऐके आणि मगच ओठाला लावी. म्हणून नाव पडले टिचकी. तिने बांधलेला दोरा आजवर कुणी खोटा ठरवला नव्हता. तिचे स्वतःचे म्हणाल तर — एकदा लग्न ठरले होते, आणि मोडले होते. का मोडले ते लोक केव्हाच विसरले. मोडले एवढे मात्र लक्षात राहिले. स्थळे सुचवणाऱ्या आत्या आणि काकू तेव्हापासून तिच्यासमोर आवाज उतरवून बोलत. माणसाच्या गळ्यातला दोरा डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

"कोण हे?" मावशी जिन्यावरून विचारती झाली. मावशीचा आवाज आधी येई, मावशी मागून.

"गारा चुकवायला आलेत."

"मग गारा थांबेपर्यंत चहा घ्या. थांबल्या की निघा."

चहा आला. तरुणाने कप हाती घेतला, टिचकीनेही घेतला, आणि दोघांच्या नखांची टिचकी दोन कपांवर एकाच क्षणी वाजली. टण्! दोघे एकमेकांकडे पाहून एकदम थांबली.

"वा!" मावशी म्हणाली. "माझ्या कपांवर आता दोन-दोन पारखी!"

"पारखी या. मी सांधणारा. फुटलेली जुनी भांडी जोडतो."

मावशीने आपला कप बशीत ठेवला. तो ठेवण्याचा आवाज काही ठीक नव्हता.

"म्हणजे आम्ही जे शोधायचं, ते तुम्ही लपवायचं."

"लपवत नाही, मावशी. पाहणाऱ्याला खुपू नये असं जोडतो. आणि विचारणाऱ्याला खरं सांगतो."

"आणि न विचारणाऱ्याला?"

त्याने कप खाली ठेवला. "त्याला, विचारायला हवं असं सांगतो."

टिचकीने कप तोंडाशी नेला, हसू दिसू नये म्हणून. मावशीला ते दिसलेच. मावशीला सारेच दिसे.

गारा थांबल्या. तरुण निघून गेला, आणि छत्री बरणीतच राहिली.

ती न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला, आणि पुन्हा विसरून गेला. तिसऱ्या वेळी मावशीने त्याचे नामकरण केले: "आले, छत्रीवाले आले! बाई गं, या माणसाने डोकं धडावर कसं टिकवलं असेल? तेही कुठे तरी ठेवून आला असता."

"विसरण्यासारखी जागा हवी ना, मावशी," छत्रीवाला म्हणे. आणि टिचकी उगीचच एखादी बाटली पुसायला घेई.

एके दुपारी त्याने आपली लाकडी पेटी तिच्या टेबलावर उघडली. आत कापसाच्या गादीवर काचेच्या वाडग्याचे तुकडे निजले होते, पाण्यासारखे नितळ. "बसा," तो म्हणाला, "आणि बोलू नका. काच लाजते."

"काच लाजते?"

"लाजतेच. आणि बोललात तर माझा हातही…" वाक्य त्याने तिथेच सोडून दिले.

त्याने आधी गोंदाला हात लावला नाही. तुकडा तुकड्याशी नुसता टेकवून पाहिला. कोण कुणाचा शेजारी, ते काचेलाच ठरवू दिले. सारा वाडगा कोरडाच उभा राहिला, बारीक पट्ट्यांच्या आधाराने, श्वास रोखून. मग त्याने एका काडीच्या टोकावर गोंदाचा एक थेंब घेतला आणि तड्याच्या काठाशी नुसता टेकवला. थेंब आपणहून आत शिरला. आणि टिचकीच्या डोळ्यांदेखत तडा नाहीसा होत गेला. थेंब पुढे सरके, आणि त्याच्यामागे रेघ पुसली जाई. दंव उतरताना गवतातली पायवाट मिटावी, तशी. काही वेळाने तिथे केवळ एक वाडगा होता, आणि त्यातून पलीकडचा त्याचा हात स्वच्छ दिसत होता.

टिचकीने वाकून तो सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

"दिव्याखाली सापडेल," शेवटी ती पुटपुटली. हरल्यासारखे वाटू नये म्हणून काही तरी बोलायला हवे होते.

"धरा ना. सापडायला हवाच."

गोंद वाळल्यावर तिने तो वाडगा अंधाऱ्या खोलीत नेऊन जांभळा दिवा लावला. उजेडात ज्याची खूणही नव्हती, ते सारे तिथे उमलून आले: वाडग्याच्या अंगभर बारीक, चंद्रप्रकाशी रेघा, उंचावरून पाहिलेल्या नद्यांसारख्या. आजवर तिने असे शेकडो सांधे पकडले होते. पण पकडलेला चोर इतका देखणा असू शकतो, हे तिला ठाऊक नव्हते.

"सुंदर आहे," ती म्हणाली. मग घाईने, "पण दोरा लालच."

"बांधा. मात्र एक सांगा… एवढं देखणं दिसतंय, तरी मोल का उतरतं?"

"लोक मातीचं मोल देत नाहीत. नशिबाचं देतात. इतकी वर्षं, इतक्या हातांतून जाऊन हिला काही झालं नाही, या नशिबाचं. फुटली की ते नशीब संपलं. मग सांधा कितीही सुरेख असो. आणि सांधा लपवून विकलेली निघाली, तर वस्तूबरोबर विकणाऱ्याचंही मोल जातं."

"आणि जी फुटूनही उरली… तिच्या नशिबाला काहीच मोल नाही?"

दिवा मालवायचे तिला सुचले नाही. शेवटी बाहेरून मावशीच खाकरली, आणि दोघे उजेडात आली.

त्यानंतर टिचकीने मोरपंखी ओढणी घ्यायला सुरुवात केली. "आज काय विशेष?" मावशी विचारी. "काही नाही, हाताशी होती," ती म्हणे. ती कपाटाच्या तळाशी होती, हे मावशीला ठाऊक होते.

आणि मग हॉटेलमालक आला.

त्याला आपल्या दारात शोभेचे ताडाचे झाड लावायचे होते, आणि त्यासाठी एखादे जुने, थोराड भांडे हवे होते. जाता जाता त्याची नजर छत्र्यांच्या बरणीवर पडली. "ही द्या की. तळाला भोक पाडून घेतो, म्हणजे पाणी तुंबणार नाही."

"न्या," मावशी म्हणाली. "सांधलेलीच आहे. दिली."

मावशीचे 'दिली' म्हणजे दगडावरची रेघ. हॉटेलमालक माणसे आणि छिद्र पाडायचे यंत्र घेऊन शुक्रवारी येतो म्हणून गेला.

शुक्रवारी सकाळी छत्रीवाला आला, तेव्हा टिचकीने त्याला हे सहज सांगितले, जशी घरातली एखादी गोष्ट सांगावी तसे. त्याचा चेहरा असा पांढरा पडला की ती घाबरली.

"भोक? हिच्या तळाला? अहो, ही कोण आहे हे ठाऊक आहे का तुम्हाला?" तो बरणीपाशी गुडघ्यांवर बसला. "मी कुठे कुठे फिरलो, थोर थोर हातांचं काम पाहिलं. तारेचे टाके पाहिले, लाखेचे सांधे पाहिले. पण असा सांधा नाही पाहिला! गोंद लागत नाही, फट लागत नाही, झिलईदेखील सलग. कुणी केलं, कसं केलं… ते शिकल्याशिवाय मला झोप यायची नाही. दुसरं कशासाठी येतो मी रोज? हिच्यासाठीच तर येतो!"



टिचकीने ओढणीचे टोक खांद्यावर सारखे केले. ते आधीच सारखे होते.

"अस्सं," ती म्हणाली.

जिन्यावरून मावशीचा आवाज आला, मागोमाग मावशी. "मी म्हणतच होते. छत्री विसरणारा माणूस बरणी बरी विसरत नाही."

छत्रीवाल्याला आपण काय बोललो ते आता कळले. तो उठला. "नाही, म्हणजे… मला म्हणायचं होतं…"

"तुम्हाला जे म्हणायचं होतं ते आम्ही ऐकलं," टिचकी म्हणाली. तिचा आवाज चांगला स्थिर होता. त्या स्थिरपणाचा तिला अभिमान वाटला आणि तेवढ्यात डोळ्यांत पाणी आले, म्हणून तिने पाठ फिरवली. "बरणी आज जायची आहे. रिकामी करायला हवी. ही घ्या तुमची छत्री, आणि कृपा करून आता विसरू नका."

तिने बरणीतल्या छत्र्या एकेक करून उपसायला सुरुवात केली. त्याची मोडक्या काड्यांची, मग लिलावघराच्या दरवानाची, मग कुणाकुणाच्या बिनवारशी. मावशीची काठी. ती विसरलेली सोटी. शेवटची एक जुनी लोखंडी टोकाची छत्री तळाशी अडकून बसली होती. टिचकीने रागारागाने तिला हिसका दिला. छत्री सुटली, आणि तिचे लोखंडी टोक बरणीला आतून लागले.

आणि बरणी वाजली.

तो आवाज आधी त्यांच्या पायांना कळला, मग कानांना. खोल, गोल, सावकाश उठणारा नाद. देवळातल्या घंटेपेक्षा मऊ, पण तिच्यापेक्षा लांब टिकणारा. तो दालनभर पसरला, काचेच्या छपरापाशी जाऊन थांबला, आणि मांडणीवरच्या सुरया आणि वाडगे त्याला बारीक बारीक स्वरात ओ देऊ लागले. तिघेही जागच्या जागी उभी होती. नाद पुरता विरेपर्यंत कुणी पापणी हलवली नाही.

वर्षानुवर्षे पोटात छत्र्या खुपसून जिचे तोंड बंद केले होते, ती बोलली होती.

"सांधलेलं भांडं असं वाजत नाही," टिचकी अगदी हळू म्हणाली.

"नाही वाजत," तोही म्हणाला.

"मावशी, दिवा लावायला हवा."

"लाल दोरा पुन्हा तपासत नाहीत," मावशी म्हणाली. पण आवाजाला नेहमीची धार नव्हती.

"हा कान तूच तयार केलास ना, मावशी? लहानपणी पेल्यामागून पेले वाजवून दाखवलेस. आता त्याच कानाने ऐकलेलं मी न ऐकल्यासारखं करू?"

मावशी त्या विटक्या दोऱ्याकडे पाहत राहिली. त्या घरात सून म्हणून पाऊल टाकले, तेव्हापासून ती तो पाहत आली होती.

"उचला दोघं मिळून," ती शेवटी म्हणाली. "आणि सांभाळून. भिंतीला लागली तर तुम्हा दोघांना लाल दोरा बांधीन."

अंधाऱ्या खोलीत बरणी मधोमध उभी राहिली. टिचकीने जांभळा दिवा लावला आणि श्वास धरून खांद्यावरच्या त्या रेघेवर नेला. एकदा. पुन्हा एकदा. काहीही चमकले नाही. रेघेच्या अल्याड, पल्याड आणि रेघेवरही तोच गडद, शांत जांभळा रंग, रात्रीच्या खोल पाण्यासारखा.

"असा गोंद जगात नाही," छत्रीवाला म्हणाला.

"गोंदच नाही." टिचकी हळूच हसली. "तुम्ही सांधणारे, म्हणून तुम्हाला जगातला थोरातला थोर सांधा दिसला. आम्ही दोरेवाले, म्हणून आम्हाला दोरा दिसला. बरणी कुणीच पाहिली नाही. झिलई रेघेवरून अखंड गेली आहे. म्हणजे ही रेघ झिलईच्या आधीची. भट्टीच्या आधीची. थांबा…"

बरणीच्या मानेतून आत घातलेला त्याचा रुंद हात खांद्याच्या मागल्या अंगाकडे वळेना. तिचा गेला. कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. गाल गार झिलईला टेकला. आतून माती उघडी होती, झिलई नसलेली, खरखरीत. रेघेच्या मागल्या अंगाला तिची बोटे चाचपडत गेली, आणि एकाएकी खोलगट जागेत उतरली. एक बोट. शेजारी दुसरे. तिसरे. चौथे.

तिने हात काढला नाही.

"काय आहे?"

"बोटं," ती कुजबुजली. "कुणाची तरी बोटं आहेत इथे. माझ्याएवढी. अगदी माझ्याएवढी…"

त्याने बाहेरून रेघ चाचपली. आजवर शंभरदा फिरवलेले बोट आता वेगळ्याच विचाराने फिरले. आणि झिलईखाली एक रुंद, उथळ खळगा त्याला सापडला. त्याचा अंगठा त्यात बरोबर बसला.

"दोघं होती," तो म्हणाला.

दोघे होती. चाकावरून उतरलेली ओली बरणी खांद्याशी उकलली असणार. आणि एकाने आत हात घालून आधार दिला, दुसऱ्याने बाहेरून माती दाबली. त्या हातांची नावे नाहीत, गाव नाही, काळही नक्की नाही. ज्या भट्टीत ती बरणी भाजली तिची राखसुद्धा उरली नसेल. पण ती बोटे जिथे टेकली होती तिथेच होती. आणि पलीकडच्या बोटांना त्यांनी अजून सोडले नव्हते.

"ओलीच तर होती माती," टिचकी म्हणाली. "मोडून पुन्हा मळता आली असती. नवी घडवता आली असती. एवढी खटपट का केली असेल?"

"सोडून देववली नसेल."

हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटले की तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. जांभळ्या उजेडात त्याचा चेहरा ओळखीचाही वाटत होता आणि नवाही.

"मी दोन ठिकाणी चुकलो," तो म्हणाला. "ही दुरुस्ती आहे असं मला वाटलं, ही एक चूक. आणि मी हिच्यासाठी येतो असं मला वाटलं… ही दुसरी. तुम्ही गावाला गेला होतात त्या दिवशीही मी आलो होतो. बरणी इथेच होती. मी हातसुद्धा न लावता परत गेलो."

"तेव्हा तरी छत्री न्यायची," ती म्हणाली. आवाज मात्र थट्टेचा राहिला नव्हता. मग तिने धीर केला. "तुम्ही म्हणाला होतात ना… न विचारणाऱ्याला, विचारायला हवं असं सांगतो? तर मीही सांगते. तुम्ही माझ्याबद्दल काही विचारलं नाहीत. माझं लग्न एकदा ठरलं होतं. आणि मोडलं."

तो काही बोलणार, तोच दारातून आवाज आला.

"ते भट्टीच्या आधीचं."

मावशी उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे. "पारखीण म्हणवतेस ना? मग सांग मला. भट्टीत जाण्याच्या आधी जे उकललं आणि सावरलं, त्याला काय म्हणायचं?"

टिचकीने बरणीपाशी मान ताठ केली, हात अजून आतच. लिलावाच्या दिवशी सांगावे तसे तिने स्वच्छ शब्दांत सांगितले: "भट्टीच्या आधीचा सांधा हा सांधा नव्हे. तो घडणीचाच भाग. वस्तू अखंड आहे."

"मग मी वेगळं काय म्हणतेय?" मावशी म्हणाली.

पुढच्या दालनात पावले वाजली. हॉटेलमालक आपली माणसे आणि ते यंत्र घेऊन आला होता. मावशी बाहेर गेली, ती उत्सवाला निघाल्यासारखी ताठ मानेने.

"बरणी?" त्याने विचारले.

"मी तुम्हाला सांधलेली बरणी देण्याचा शब्द दिला होता," मावशी म्हणाली. "तशी बरणी या घरात नाही, हे आम्हाला आत्ताच कळलं. चूक आमची. म्हणून मागच्या अंगणातलं दगडी कुंड तुम्ही माझी भेट म्हणून न्यायचं. त्याला भोक आधीपासून आहे. तुमचे श्रम वाचतील."

"पण मला तीच—"

"भेट नाकारत नाहीत," मावशी म्हणाली. आणि त्याने नाकारली नाही.

मग ती अंधाऱ्या खोलीत परतली. तिने कात्री मागितली नाही. सासूबाईंनी मारलेली गाठ तिने नखांनी सोडवायला घेतली. गाठ जुनी होती आणि बोटे म्हातारी, वेळ लागला. कुणी मदत करायला पुढे झाले नाही, कारण तशी आज्ञा नव्हती. दोरा सुटला तेव्हा बरणीच्या मानेवर त्याच्या जागी एक फिकट वळे उरले.

"सासूबाई थोर होत्या," मावशी दोऱ्याची नीट गुंडाळी करत म्हणाली. "पण त्यांनी डोळ्याने पाहिलं आणि तिथेच थांबल्या. आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबलो. टिचके, पांढरा दोरा तू बांध. आणि ही आता विकायची नाही." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "छत्रीवाले!"

"जी?"

"छत्री आता कुठे ठेवणार?"

त्याने बरणीकडे पाहिले, मग टिचकीकडे. "जागा नाही उरली, मावशी."

"मग घरात आणून ठेवा. आमच्या जिन्याखाली खुंटी आहे. आणि चहाला थांबा. आज गारा नाहीत, तरी थांबा."

पावले जिन्यावर चढत गेली. खोलीत दोघे उरली, आणि तो जांभळा उजेड.

टिचकीने पुन्हा हात आत घातला. बोटे चुकली नाहीत; आपल्या घरी परतावी तशी त्या चार खळग्यांत जाऊन बसली. बाहेरून त्याचा अंगठा त्याच्या जागी टेकला. दोन हातांमध्ये बोटभर जाडीची माती होती, जी आगीलाही उकलता आली नव्हती.

"आहात?" त्याने विचारले.

"आहे," ती म्हणाली.

मग तिने मोकळ्या हाताने बरणीला एक हलकीशी टिचकी मारली. नाद उठला, आणि कानांवर येण्याआधी तो दोघांच्या बोटांत, एकाच क्षणी, पोहोचला.